ठिगळाचा पत्ता

१७ सप्टेंबर २००१, सोमवार, रात्रीचे बरोबर बारा.

'गिट फॉरमॅट-पॅच' या कमांडने बनवलेली कुठलीही फाइल उघडा, पहिल्या ओळीत हीच तारीख असते. फाइल आज सकाळची असो की पंधरा वर्षांपूर्वीची, हिंजवडीत बनवलेली असो की हेलसिंकीत. आणि गिट हे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन जन्मलं २००५ साली, म्हणजे ही तारीख खुद्द गिटपेक्षाही जुनी! कारण अगदी साधं आहे. ती तारीख नाहीच, ती खूण आहे. फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची नजर या ओळीवर पडली की त्याला लगेच कळावं, हे साधं ईमेल नव्हे, याच्या पोटात पॅच आहे. खरी तारीख दोन ओळी खाली असते.

ज्यांचा या जगाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठा प्रोग्रॅम म्हणजे हजारो फाइली. त्यातल्या एका फाइलीतल्या दोन ओळी मी सुधारल्या, तर सगळं बाड तुमच्याकडे पाठवायचं कशाला? 'ही ओळ काढा, तिच्या जागी ही घाला' एवढं लिहिलेली चिठ्ठी पाठवली की झालं. ती चिठ्ठी म्हणजे पॅच. ती वाचून तुमच्या फाइलींत बदल करणारी कमांड म्हणजे 'गिट अप्लाय', किंवा तिची थोरली बहीण 'गिट ॲम'. माझ्या दिवसातले बरेच तास अशा चिठ्ठ्या वाचण्यात आणि लावण्यात जातात, आणि इतक्या वर्षांनंतरही नवी चिठ्ठी आली की मी आधी ती उघडते, चहा नंतर.

डिंक, कागद आणि गोधडी

पॅच म्हणजे ठिगळ, आणि सुरुवातीला ते खरोखरच ठिगळ होतं. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क-१ या यंत्राला सूचना मिळायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडलं तर काय करायचं? त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, भोक बुजवायचं. त्या पट्टीच्या फोटोत ही चिकटवलेली चौकोनी ठिगळं स्पष्ट दिसतात. पुढे कागद गेला, डिंक गेला, नाव राहिलं.

लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर काम करणाऱ्यांना एकावर एक रचलेले पुष्कळ पॅच सांभाळावे लागायचे. अँड्र्यू मॉर्टन यांनी त्यासाठी काही स्क्रिप्ट लिहिल्या आणि त्यांतूनच एक साधन उभं राहिलं. त्याचं नाव क्विल्ट. म्हणजे आपली गोधडी! ठिगळांपासून जे बनतं त्याला याहून नेमकं नाव नाही.

अपाचे या वेब सर्व्हरच्या नावाचीही अशीच कथा सांगतात. १९९५ साली एनसीएसए या संस्थेच्या जुन्या सर्व्हरला जोडलेल्या पॅचमधून तो तयार झाला, म्हणून 'अ पॅची सर्व्हर', आणि त्याचं अपाचे. नाव सुचवणारे मात्र सांगतात की ते अमेरिकेतल्या अपाचे लोकांबद्दलच्या आदरापोटी निवडलं. कोटी नंतर जमली असेल, पण तो सर्व्हर ठिगळांचा होता हे शंभर टक्के खरं.

पिठाच्या गिरणीशेजारी

आता या चिठ्ठीतली सगळ्यात सुंदर गोष्ट.

आपल्याकडे पत्ता विचारला तर घर नंबर कोण सांगतं? 'मारुतीच्या देवळावरून सरळ ये, पिठाची गिरणी लागेल, गिरणी आणि सायकलवाल्याच्या मधलं घर.' पॅच अगदी असाच पत्ता सांगतो. तो उघडलात तर अशी एक ओळ दिसेल:

@@ -१२,७ +१२,८ @@

याचा अर्थ, जुन्या फाइलीत बाराव्या ओळीपासून सात ओळी बघा, बदलानंतर त्या आठ होतील. हा झाला घर नंबर. पण पॅच त्यावर विसंबून राहत नाही. बदललेल्या ओळींच्या वर तीन आणि खाली तीन अशा न बदललेल्या ओळी तो सोबत घेऊन येतो. ते शेजारी. मी पॅच पाठवल्यानंतर कुणी फाइलीच्या डोक्यावर चाळीस नव्या ओळी घातल्या, तर माझं बाराव्या क्रमांकाचं घर बावन्नाव्या क्रमांकावर सरकतं. गिट बाराव्या ओळीवर जातं, तिथे भलतेच लोक दिसतात, मग ते वर-खाली शोधत निघतं. गिरणी दिसली, सायकलवाला दिसला, मधे घर सापडलं. पॅच बसला.

आणि शेजारीच बदलले असतील तर? इथे दोन स्वभाव आहेत. 'पॅच' नावाचा मूळ जुना प्रोग्रॅम थोडी ढील देतो. टोकाचे एक-दोन शेजारी जुळले नाहीत तरी 'चालेल' म्हणून बदल करून टाकतो. या ढिलाईला त्याच्या भाषेत 'फझ' म्हणतात आणि ती दोनपर्यंत चालते. 'गिट अप्लाय' कडक. सगळे शेजारी जुळलेच पाहिजेत, नाहीतर परत जा. तुम्ही स्वतः सांगितलंत तरच ते कमी शेजाऱ्यांवर भागवतं. मी गिटच्या बाजूने आहे. कोडमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या जागा पुष्कळ असतात: बंद होणारा महिरपी कंस, रिकामी ओळ, पुन्हा बंद होणारा कंस. मारुतीचं देऊळ काय, प्रत्येक वस्तीत असतं. ढील दिली तर चिठ्ठी भलत्याच घरात पडते, आणि तिथे पडली हे कुणाला कळतही नाही.

गिटचा आणखी एक बाणा मला फार आवडतो. पॅचमध्ये वीस बदल आहेत आणि त्यातला एकच बसत नाहीये, तर 'गिट अप्लाय' उरलेले एकोणीसही करत नाही. सगळं किंवा काहीच नाही. जुना 'पॅच' एकोणीस करून मोकळा होतो आणि विसावा '.रेज' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवून देतो. तुम्हाला तसंच हवं असेल तर गिटलाही '--रिजेक्ट' म्हणून सांगता येतं. पण न सांगता ते तुमचं काम अर्धवट अवस्थेत सोडत नाही. आणि काही न बदलता नुसतं बघायचं असेल, तर 'गिट अप्लाय --चेक'. बसत असेल तर एक अक्षर न बोलता परत येतं. शांतता म्हणजे होकार.

भाषा शिकलेल्या माणसाचं काम

दोन फाइलींमधला फरक दाखवणारा 'डिफ' हा प्रोग्रॅम १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांचं ते काम. फरक दिसायला लागला, आणि 'ईडी' या संपादकाला कळतील अशा सूचनांच्या रूपातही तो मिळायचा. पण त्या सूचना निव्वळ घर नंबरावर चालायच्या: बारावी ओळ खोड, विसाव्या ओळीनंतर हे घाल. समोरच्याची फाइल एका ओळीने जरी सरकलेली असली तरी सगळा घोळ.

मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहून जगासमोर ठेवला. त्यांनी शेजाऱ्यांवरून घर शोधायला सुरुवात केली. शिवाय एक मोठी सोय केली. पत्रात वरती 'कसे आहात' लिहिलेलं असो, खाली सही असो, मधे पॅच असो, सगळं पत्र जसंच्या तसं त्या प्रोग्रॅमला द्या. तो नमस्कार-चमत्कार ओलांडून पॅच शोधून काढतो. आणि तोच पॅच तुम्ही दुसऱ्यांदा लावायला गेलात तर विचारतो, हा आधीच लावलेला दिसतोय, उलटा करून काढू का?

वॉल शिकलेले भाषाशास्त्र. संदर्भावरून अर्थ लावायचा ही भाषेच्या अभ्यासकाची रोजची सवय, आणि मला तीच सवय या प्रोग्रॅममध्ये ठसठशीत दिसते. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, याच माणसाने पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा जगाला दिली. पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम पॅचच. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच कोडवर काम करू लागली.

आज आपण पॅचमध्ये जी उणे-अधिकची मांडणी बघतो (काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक), ती वेन डेव्हिसन यांनी १९९० मध्ये आणली. त्याआधी जुना उतारा वेगळा आणि नवा वेगळा छापला जायचा, म्हणजे तेच शेजारी दोनदा हजेरी लावायचे. डेव्हिसन यांनी दोन्ही उतारे एकात विणले. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाच्या डिफमध्ये ही पद्धत घेतली, जानेवारी १९९१ च्या आवृत्तीतून ती लोकांपर्यंत पोचली आणि तीच रूढ झाली. पस्तिसेक वर्षं झाली, गिट आजही हाच साचा वापरतं.

कोड आणि डीएनए

दोन फाइलींत नेमकं काय बदललं हे शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. कमीत कमी खोडाखोडीत एका मजकुरातून दुसरा कसा मिळेल, हे गणित आहे. गिट त्यासाठी मुळात जी रीत वापरतं ती युजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेली. हेच मायर्स १९९० च्या 'ब्लास्ट'च्या मानकऱ्यांपैकी एक. ब्लास्ट म्हणजे जनुकांचे क्रम एकमेकांशी ताडून बघण्याचं साधन, जगभरचे जीवशास्त्रज्ञ ते रोज वापरतात. पुढे सेलेरा या कंपनीत मानवी जनुकसंचाचे लाखो तुकडे जुळवण्याच्या कामातही ते होते. ओळींची रांग असो की डीएनएमधल्या अक्षरांची, 'यात काय सारखं आणि काय वेगळं' हा प्रश्न एकच.

गिटकडे दुसरीही एक रीत आहे, 'पेशन्स' नावाची. पत्त्यांच्या पेशन्स या डावावरून तिचं नाव पडलं. ती शोधली ब्रॅम कोहेन यांनी, बिटटोरेंटवाले तेच.

अडीचशे गुणिले तीस

गिट का जन्मलं? उत्तर अक्षरशः 'पॅच लावायला' असं आहे.

१९९१ ते २००२ लिनक्सचं कर्नल चाललं ते पॅच आणि बांधलेल्या फाइलींच्या देवाणघेवाणीवर. मग काही वर्षं बिटकीपर नावाची प्रणाली आली. २००५ मध्ये तिची फुकट वापराची सवलत गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पर्याय शोधू लागले. त्यांनी एक हिशेब मांडला. बाजारातल्या एका प्रणालीला एक पॅच लावून सगळी नोंद करायला ३० सेकंद लागत होते. कर्नलच्या सहकाऱ्यांशी मेळ घालताना एका वेळी असे २५० पॅच लावावे लागू शकतात. करा गुणाकार: ७,५०० सेकंद, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. त्या वेळात माणसाने काय करायचं? त्यांनी अट घातली, एका पॅचला तीन सेकंदांहून जास्त लागता कामा नयेत.

अटीत बसणारं काही मिळालं नाही. ३ एप्रिल २००५ ला त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिट स्वतःचाच कोड स्वतःमध्ये सांभाळू लागलं. आणि २९ एप्रिलला चाचणी घेतली तेव्हा ते सेकंदाला ६.७ पॅच नोंदवत होतं. तेच २५० पॅच, सदतीस-अडतीस सेकंदांत. चहा गाळून होईपर्यंत काम संपलं!

जुलै २००५ मध्ये जुनिओ हामानो यांनी गिटची देखभाल हाती घेतली. लोकांना गिट म्हटलं की शाखा, त्यांचं विलीनीकरण वगैरे आठवतं. मला तो २५० चा हिशेब आठवतो.

लिहिणारा एक, लावणारा दुसरा

गिटमध्ये प्रत्येक बदलावर दोन नावं असतात, 'ऑथर' आणि 'कमिटर', आणि दोन तारखा. नव्याने शिकणारी मुलं हमखास विचारतात, दोन कशाला? दोन्हीकडे तर माझंच नाव दिसतंय!

कारण पॅच. बदल लिहिला कुणी तिसऱ्याच गावी, ईमेलने पाठवला, आणि लावला दुसऱ्या माणसाने. लावणाऱ्याचं नाव लिहायचं तर लिहिणाऱ्यावर अन्याय. नुसतं लिहिणाऱ्याचं लिहायचं तर आत कुणी घेतला हे कळणार नाही. म्हणून दोन्ही. इथेच दोन बहिणींमधला फरक कळतो. 'गिट अप्लाय' फक्त फाइली बदलते, कुणाचं नाव नाही, गाव नाही. 'गिट ॲम' मात्र पत्रावरचं नाव, तारीख आणि पत्रातला मजकूर उचलून बदलाबरोबर कायमचा नोंदवते. 'ॲम' म्हणजे 'अप्लाय मेलबॉक्स'. अख्खी टपालपेटी तिच्यापुढे रिकामी करा, ती एकेक पत्र फोडून क्रमाने लावत जाते. मधे एखादं अडलं तर थांबते. मग ते सुधारून '--कंटिन्यू', सोडून द्यायचं तर '--स्किप', आणि सगळंच पूर्ववत करायचं तर '--अबॉर्ट'.

कुणी तुम्हाला पॅच पाठवला असेल तर कृपा करून 'गिट ॲम'नेच लावा. 'अप्लाय' करून स्वतःच्या नावाने नोंद केली की पाठवणाऱ्याचं नाव इतिहासातून पुसलं जातं. त्याने रात्री जागून ती चूक शोधलेली असते.

कर्नलच्या पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ असते. ती २००४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून कोर्टकचेरी सुरू केली होती. तेव्हा ठरलं, यापुढे प्रत्येकाने लिहून द्यायचं की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. पॅच ज्या ज्या हातांतून जातो त्या प्रत्येकाची सही खाली जोडली जाते.

कात्रीने कापा

पत्रात पॅचच्या वर गप्पा मारायच्या असतील तर गिटला कात्री कळते. टिंबटिंब रेघ असते ना, 'इथे कापा'वाली, तशा छोट्या आडव्या रेघा काढायच्या आणि मधे इंग्रजी आठाचा आकडा लिहून त्याला 'पेक्षा लहान'चं चिन्ह चिकटवायचं. आठ म्हणजे बोटं घालायच्या दोन कड्या, चिन्ह म्हणजे पाती. 'गिट ॲम --सिझर्स' म्हटलं की त्या रेघेच्या वरचं सगळं कापलं जातं.

आणि तीन आडव्या रेघांची ओळ, '---'? ती ओळ आणि खरा पॅच यांच्या मधे जे लिहाल ते इतिहासात जात नाही. 'मागच्या वेळी तुम्ही सांगितलेली चूक सुधारली आहे' हे लिहायची जागा तीच. अनुभवी लोकांच्या पॅचमध्ये ही जागा वाचायला मला फार आवडते. खरा संवाद तिथे असतो.

रिकाम्या फाइलीलाही गिटमध्ये ओळख आहे. पॅचमध्ये 'इंडेक्स' या शब्दापुढे ई६९डीई२९ अशी अक्षरं दिसली तर समजा, फाइल कोरी आहे. गिटमध्ये ओळख मजकुरावरून ठरते आणि कोरेपणा सगळीकडे सारखाच, म्हणून सर्वसाधारण गिटमध्ये जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाइलीची हीच ओळख. या इंडेक्सच्या अक्षरांचा एक मोठा उपयोग आहे. पॅच बसत नसेल तर 'गिट अप्लाय --थ्रीवे' म्हणा. ते अक्षरांवरून मूळ मजकूर तुमच्याच साठ्यात शोधतं आणि मग मूळ, तुमचा आणि त्याचा असा तिघांचा मेळ घालतं. अडलेल्या पॅचवर मी हा उपाय सर्वांत आधी करते.

'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या'

वरचे दोन शब्द नीट बघा. काही फरक दिसतो?

एका मोफत प्रोग्रॅमच्या मराठी भाषांतरावर आम्ही काही जण काम करत होतो. एका मैत्रिणीने पॅच पाठवला, फक्त एक शब्द सुधारलेला. माझ्याकडे तो लागेना. 'पॅच डझ नॉट अप्लाय.' मी फाइल उघडली, तिची चिठ्ठी शेजारी ठेवली, शेजारच्या सगळ्या ओळी अक्षर अक्षर लावून वाचल्या. हुबेहूब! पुन्हा कमांड दिली, पुन्हा नकार. अर्धी दुपार गेली. शेवटी दोन्ही ओळींचे बाइट उघडून बघितले तेव्हा उलगडलं.

मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा: सहा बाइट. दुसरी, साधा 'र', हलन्त, आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक: नऊ बाइट. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तिचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, माझा दुसरी. माझ्या संपादकात मी केव्हातरी ती शेजारची ओळ पुन्हा टाइप केली होती, एवढंच. गिट अक्षरं वाचत नाही, बाइट वाचतं. त्याच्या दृष्टीने गिरणीच्या जागी दुसरंच दुकान उभं होतं. आणि त्याचं बरोबर होतं.

'ॲ'चंही तसंच. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात 'अ'ला चंद्र जोडून ते लिहिलेलं असतं. जुन्या भाषांतरांच्या फाइलींत दोन्ही सुखाने नांदत असतात. तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे: सगळ्यांनी एकच कीबोर्ड, एकच तऱ्हा, आणि शेजारच्या ओळीला हात लावायचा नाही.

देवनागरीची आणखी एक गंमत. फाइलीचं नाव मराठीत ठेवलंत तर पॅचमध्ये ते दिसतं तिरप्या रेघांनी तोडलेल्या आकड्यांत. नुसत्या 'म'च्या जागी ३४०, २४४, २५६. हे आठाच्या पायावर लिहिलेले, म्हणजे ऑक्टल आकडे, 'म'च्या तीन बाइटचे. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग बंद केली की आकडे जातात आणि 'मराठी' पुन्हा मराठीत दिसतं. एका ओळीचं काम आहे. मराठी नावं वापरणाऱ्या प्रत्येकाने ते आजच करावं.

वाटेत काय काय बिघडतं

पॅच नाजूक असतो. ईमेलच्या प्रोग्रॅमने लांब ओळ मोडली, टॅबच्या जागी चार स्पेस घातल्या, की संपलं. कर्नलच्या मार्गदर्शक कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे की ब्राउझरमधल्या जीमेलमधून पॅच पाठवू नका, चालत नाही. म्हणून तर 'गिट सेंड-ईमेल' ही वेगळी कमांड आहे.

विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये 'गिट डिफ'चा निकाल बाणाच्या चिन्हाने फाइलीत वळवला की ती फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्याच सांकेतिक पद्धतीत लिहिली जाते. डोळ्यांना पॅच ठीक दिसतो, गिटला मात्र त्यात पॅचच सापडत नाही. रंग कायम चालू ठेवणारी सेटिंग असेल तर हिरव्या-लाल रंगांच्या अदृश्य खुणाही फाइलीत उतरतात.

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. तुम्ही प्रकल्पाच्या एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये उभे आहात आणि तिथून 'गिट अप्लाय' दिलंत. पॅच त्या फोल्डरबाहेरच्या फाइलींचा असेल तर गिट ते बदल चक्क सोडून देतं, आणि तक्रारही करत नाही. इथे शांतता म्हणजे होकार नव्हे! नवीन माणूस 'झालं' म्हणून पुढे जातो आणि तासाभराने डोकं धरून बसतो. लावल्यावर 'गिट स्टेटस' बघायची सवय ठेवा.

एका ओळीचं वजन

फेब्रुवारी २०१४. ॲपलच्या आयफोनमध्ये सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडात 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरीला कुठलीही अट नव्हती, त्यामुळे सहीची खरी तपासणी व्हायच्या आधीच कोड शेवटी उडी मारायचा. दुरुस्ती? एक ओळ काढणं. पॅचमध्ये एकच उणे.

उलटंही घडलेलं आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या वाणात ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या किल्ल्या बनवणाऱ्या साधनाला एक छोटा पॅच लावला गेला. चूक शोधणारं एक साधन ज्या ओळींबद्दल कुरकुर करत होतं, त्या बाजूला काढल्या. पण किल्ली बनवताना लागणारा यादृच्छिकपणा त्यांतूनच येत होता. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा कळलं की दीड वर्षाहून जास्त काळ त्या यंत्रणांवर एका प्रकारच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारांतल्याच एखाद्या बनत होत्या. सगळ्या किल्ल्या करून बघायला साधा संगणक पुरतो. असंख्य लोकांना किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांसाठी एक नियम आहे: पॅच शेजारच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको. मला हा नियम पटतो. शंभर ओळी माणूस खरंच वाचतो. हजार ओळींवरून नजर नुसती घसरते.

आणि खाली सही

पॅचची पहिली ओळ आपण पाहिली. शेवटची बघा. दोन आडव्या रेघा, एक स्पेस, आणि खालच्या ओळीत गिटच्या आवृत्तीचा क्रमांक. ईमेलमध्ये सहीच्या वर अशा दोन रेघा काढायची जुनी रीत आहे, ती गिटने पाळली आहे.

पण थांबा, पॅचमध्ये रेघेने सुरू होणारी ओळ म्हणजे 'ही ओळ काढा' ना? मग गिट सहीलाच खोडायची ओळ समजत कसं नाही? वरच्या @@ मधल्या आकड्यांमुळे. सात ओळी सांगितल्या, सात मोजल्या, इथे पॅच संपला. पुढे काय लिहिलंय याच्याशी घेणंदेणं नाही. म्हणून पॅच हाताने दुरुस्त करायला बसलात आणि शेवटच्या तुकड्यातली एखादी उणेवाली ओळ उडवलीत, तर आकडेही बदला. नाहीतर ते एक ओळ कमी भरली म्हणून पुढे वाचत जातं, सहीच्या दोन रेघांपाशी पोचतं, आणि ती सही तुमच्या फाइलीत शोधू लागतं.